सेगुलाबाईने मागितलेला शनिवार

फार वर्षांपूर्वी, आंबेखारच्या खाडीला अजून बांधही घातला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात शनिवार तेल्यांची चार घरं होती. म्हणजे आपले कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. आठवडाभर तेलीआळीत घाण्याची कुरकुर चालायची आणि शनिवारी सगळं गप्प. माणसाला विसावा, तसा बैलालाही विसावा, असा त्यांचा धर्म. ती शांतता काय गोड असायची म्हणून सांगू! शेजारपाजारची माणसंसुद्धा त्या दिवशी हळू बोलत, असं म्हणतात.

त्यातल्या एका घरात सेगुलाबाई नावाची विधवा तेलीण राहायची. जीभ तिखट, पण हात सढळ. गावात कुणीही बाळंत झाली की ही तेलाची वाटी घेऊन अंग चोळायला हजर. जात कधी विचारली नाही, आणि बोलणीही सगळ्यांना सारखीच ऐकवली.

एका शनिवारी भरदुपारी कातकरवाडीतल्या बाया तिच्याकडे धावत आल्या. पारी नावाची बारा दिवसांची बाळंतीण खोताच्या अंगणात भात सडता सडता कोसळली होती. खोताच्या वेठीला ना वार होता, ना सुट्टी. वैद्य दोन कोसांवर, आणि गाडी मिळण्यासारखी एकट्या सेगुलाबाईची. बाई उंबऱ्यात थबकली. आभाळात चांदण्या दिसल्या की शनिवार सरतो. तोवर थांबावं का? पण बायांनी पारीचं तान्हं बरोबर आणलं होतं, ते भुकेनं रडत होतं. तिनं बैल जुंपला.

शनिवारी तेल्याच्या बैलाची घंटा वाजली, तसं अख्खं गाव बाहेर आलं. असं कधी घडलंच नव्हतं. पारी वाचली. पण आळीतले वडीलधारे हसाजी म्हणाले, "सेगुला, शनिवार मोडलास?"

"जीव वाचवायला मोडला, हसाजीकाका. देव समजून घेईल. पण ज्याच्यापायी मोडला, त्याला मी सोडायची नाही."

रविवारी सकाळी ती बैल घेऊन खोताच्या दारात उभी राहिली. "दादा, तुमच्यापायी माझा शनिवार गेला. तो परत द्या."

खोत हसला. "अगं तेलिणी, गेलेला वार कुणी परत देतं का?"

"मला नको. तुमच्या अंगणात राबणाऱ्या ह्या बायांना द्या, दर आठवड्याला. आणि बाळंतिणीला चाळीस दिवस."

"वेड लागलंय हिला," म्हणत खोत आत वळला, तोच बैल दारात बसला. दहा गडी लागले, उठेना. ओढायला खोतानं आपली जोडी लावली, तर तीही बसली. संध्याकाळपर्यंत खोताच्या गोठ्यातला बैलन् बैल बसला, असं म्हणतात. ऐन नांगरणीचे दिवस! खोतानं नवस बोलले, शिव्या घातल्या, पाया पडून झालं. सेगुलाबाई आठवडाभर बैलापाशी बसून होती. शनिवार उजाडला तेव्हा खोत स्वतः अंगणात आला, बायांच्या हातातली मुसळं घेऊन भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "जा घरी." बैल मात्र चांदण्या दिसल्यावरच उठले. शनिवार होता ना!

आता तेलीआळीत कुणी नाही. काही मुंबईला गेले, बाकीचे आगबोटीनं इस्राएलला. जाताना म्हाताऱ्या बायका अंगणातली माती पदरात बांधून घेऊन गेल्या, आणि आळी कायमची गप्प झाली. पण आंबेखारात शनिवारी कातकरणीला कुणी कामाला बोलावत नाही, आणि बाळंतिणीला चाळीस दिवस. मध्यंतरी वीटभट्टीचा नवा मुकादम शनिवारी वाडीवर माणसं न्यायला आला. दारातली म्हातारी जागची हललीसुद्धा नाही.

"आज कोन येनार नाय," ती म्हणाली. "आज आमच्या सेगुलाबायचा वार हाय."