पश्चिमेचा चिणलेला दरवाजा

एका राज्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, समुद्रातल्या बेटावर एक किल्ला होता. शिसे ओतून सांधलेले काळे चिरे, एकोणीस बुरुज, मध्ये गोड्या पाण्याचा तलाव आणि पश्चिमेला लाटांकडे उघडणारा दरवाजा. समुद्राने बेट दिले ते एका वचनावर: दर पौर्णिमेच्या भरतीला समुद्राने त्या दरवाजाने आत यावे, राजाने सामोरे यावे.

पुढे राजा शंखपालाला समुद्राचे भय वाटू लागले. त्याने म्हाळाई पाथरवटिणीकडून तो दरवाजा चिणून घेतला. तिचा नवरा समुद्राने गिळला होता. तिने एकेक चिरा दात-ओठ खाऊन बसवला.

वचन मोडले म्हणून समुद्राने शाप दिला; बारा वर्षांनी तो फळला. एका सकाळी राजा, राणी, पहारेकरी, सारे उभ्या जागी मिठाचे झाले. उरली एकटी म्हाळाई.

तटावर पांढरा सुरय पक्षी उतरला. म्हणाला, "बाई, तुझ्याकडे काम आहे म्हणून तू उरलीस. तलावाचे पाणी समुद्राला पाज. दरवाजावरच्या शरभाची आज्ञा घे. मग भिंत फोड."

तिने तलावातून घागर भरली आणि तटावरून लाटेत रिकामी केली. समुद्र ते पाणी प्यायला आणि निवला.

दरवाजावर कोरलेल्या सिंहमुखी शरभाने डोळे उघडले. "हा कोणी चिणला?"

"राजाची आज्ञा होती."

शरभाने डोळे मिटले. ऊन तटावरून उतरत गेले, तरी म्हाळाई तिथेच उभी होती.

"मी चिणला," ती अखेर म्हणाली. "रागाने चिणला."

शरभ बाजूला सरकला.

तिने पहार घेतली, पण हात उचलेना. "पाणी आत आले तर माणसे विरघळतील."

"मीठ विरघळेल," पक्षी म्हणाला. "माणूस कशाला विरघळेल?"

चिरे कोसळले. समुद्र घोट्याएवढा होऊन, पाहुण्याने उंबरा ओलांडावा तसा, आत आला. राजाच्या पायांवरून मीठ ओघळू लागले. म्हाळाईने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा राणी, पहारेकरी, सारे जागे झाले होते, आणि राजा ओलाचिंब, कुडकुडत उभा होता. त्याने मुकुट उतरवला, पाण्याला हात जोडले. "फार उशीर झाला. क्षमा असावी."

पाणी शांतपणे दरवाजापर्यंत मागे फिरले. म्हाळाई दरवाजाच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसून होती.

"माझ्या नवऱ्याला कुठे ठेवलेस?" तिने विचारले.

"तळाशी निजला आहे," समुद्र म्हणाला. "त्याला थंडी वाजत नाही."

म्हाळाईने मान हलवली, आणि ओहोटी लागेपर्यंत पाय पाण्यात तसेच ठेवले.