खालच्या ओळीतल्या पाकळ्या

एकदा एका म्हाताऱ्या बाईच्या हाताखाली एक तिशीतली बाई शिकायला आली. म्हातारी केकवरची साखरेची फुलं करायची. पिठीसाखर आणि डिंक मळून गोळा करायचा, तो पापडासारखा पातळ लाटायचा, साच्यानं पाकळ्या कापायच्या आणि पळीच्या खोलगटात ठेवून तीन दिवस वाळवायच्या. वाळलेली पाकळी चिनीमातीसारखी दिसते. तशीच कडक, आणि तशीच ठिसूळ.

साच्यानं कापताना कडेला बारीक कुसळं राहतात. ओली असताना ती मऊ असतात, वाळली की काचेसारखी बोचतात. म्हणून एकेका पाकळीची कड नखं घासायच्या बारीक कानशीनं घासून गुळगुळीत करायची. पडलेली भुकटी कोरड्या कुंचल्यानं झटकायची. फुंकर मारायची नाही, फुंकरीच्या ओलीनं भुकटी पाकळीलाच चिकटून बसते. काम अवघड नाही. घाबरलेल्या माणसाला मात्र अवघड आहे.

आणि ही शिष्या घाबरलेली होती. उगाच नव्हती. सासरी कपाचा कान तुटला तर दोन दिवस तिचं ताट वाढलं जात नसे. दोन साड्या घेऊन ती तिथून निघाली होती, आणि म्हातारीनं ठेवून घेतलं नसतं तर पुन्हा त्याच दारात जाऊन उभी राहिली असती. त्यामुळे कुठेही काही टक् करून वाजलं की ती आधी आपल्या हातांकडे बघायची.

एक दिवस गावातला एक व्यापारी आला. त्याच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. घरात ओवाळणं होतंच, पण नातवंडांना केकही हवा होता, आणि केकवर साखरेचं कमळ.

"एक्याऐंशी पाकळ्या पाहिजेत, मावशी," व्यापारी म्हणाला. "घरातलं प्रत्येक माणूस त्यातली एकेक पाकळी आईला भरवणार. एक कमी नको. आयुष्याचा आकडा आहे तो, कमी पडला तर माझ्या मनाला चैन पडणार नाही."

"साखर चालते का त्यांना?" म्हातारीनं विचारलं.

"साखर चालते. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत, तेवढं सांभाळायचं. मागच्या महिन्यात भाकरीच्या कडेनं हिरडी कापली, तर रक्त थांबेना. रात्रभर दवाखान्यात काढली आम्ही." व्यापारी मोठा माणूस, पण हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. "म्हटलं, नको हे भरवणं. पण आई ऐकत नाही. म्हणते, सगळ्यांच्या हातचं खाणार."

"जिभेवर विरघळेल अशी देते," म्हातारी म्हणाली. "कड लागणार नाही."

शिष्येनं नव्वद पाकळ्या कापल्या. नऊ जास्तीच्या, तुटीफुटीला. चौथ्या दिवशी सकाळी ती घासायला बसली. व्यापारी चारला येणार होता.

पहिल्या पाकळ्या बऱ्या गेल्या. मग एक तुटली. हात थरथरला म्हणून दुसरी तुटली. दुसरी तुटली म्हणून हात आणखी थरथरला. अकरा वाजेपर्यंत नऊ तुटल्या. तुकडे तिनं ओच्यात लपवले, जणू कोणी झडती घ्यायला येणार होतं. आता ताटात बरोबर एक्याऐंशी उरल्या. त्यातल्या एक्केचाळीस घासलेल्या, चाळीस तशाच.

तिनं कानस खाली ठेवली. न घासलेल्या चाळीस पाकळ्या मऊ साखरेच्या बैठकीत खालच्या ओळींना खोचल्या, घासलेल्या वर खोचल्या. कमळ उभं राहिलं. वरून बघणाऱ्याची दृष्ट लागावी असं झालं. खालच्या कडा वरच्या पाकळ्यांनी झाकल्या गेल्या.

म्हातारी दुपारी आत आली. "सगळ्या घासल्यास?"

"हो, आजी."

म्हातारीनं कमळाकडे धड पाहिलंही नाही. पाट ओढला, शिष्येच्या समोर बसली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तोंडात दात पुढचे दोन.

"भरव मला."

शिष्येला कळेना. म्हातारीचं डोकं फिरलं की काय असंही क्षणभर तिला वाटलं. "आजी, मोजून एक्याऐंशी आहेत. तुम्ही खाल्लीत तर…"

"तू भरव."

शिष्येनं हात पुढे केला. खालची ओळ तिच्या बोटांना अगदी जवळ होती. बोटं तिच्यावरून पुढे गेली आणि शेंड्यावरची पाकळी घेऊन आली. म्हातारीच्या ओठांशी तिनं ती धरली. म्हातारीनं तोंड मिटून घेतलं.

"ही नको. दुसरी दे."

हात परत गेला. परत वरूनच पाकळी आली.

"हीही नको. खालची दे."

शिष्येचा हात हवेतच राहिला. "खालच्या कशाला, आजी. सगळ्या सारख्याच आहेत."

"सारख्या आहेत ना? मग दे की."

तिनं खालची एक पाकळी उपसली. ती म्हातारीच्या ओठांपर्यंत नेली, आणि तिथे ती इतकी घट्ट धरली की पाकळीची कुसळं तिच्या स्वतःच्या बोटाला बोचली. म्हातारी तोंड उघडून बसली होती. मिटलेले डोळे, उघड्या हिरड्या.

"ती नका खाऊ," शिष्या म्हणाली. "कापेल."

म्हातारीनं डोळे उघडले. ओरडली नाही. ओरडली असती तर शिष्येला बरं वाटलं असतं, ओरडा तिच्या ओळखीचा होता.

"सकाळपासून मी पलीकडे तांदूळ निवडतेय," म्हातारी म्हणाली. "कानशीचा आवाज येत होता. अकराला थांबला. एक्याऐंशी पाकळ्या अकरापर्यंत होत नाहीत, एवढं मला कळतं. मी पाकळ्या तपासायला आले नव्हते. मला फक्त बघायचं होतं, की तुझ्या हाताला ठाऊक आहे का. ठाऊक आहे. दोन्ही वेळा तो खालची ओळ टाळून वर गेला. माझं तोंड तू कापू दिलं नाहीस. पण संध्याकाळी ते कमळ त्यांच्या घरात असेल. तिथे नातवंडं भरवतील. त्यांच्या हाताला कुठे ठाऊक आहे, कुठली टाळायची ते?"

शिष्या रडायला लागली. "मला भीती वाटली, आजी. नऊ तुटल्या होत्या. आणखी तुटल्या तर तुम्ही मला…"

"भीती वाटली, त्यात वाईट काही नाही. मलाही वाटते. या वयात जिना उतरताना वाटते. पण तू कशाला घाबरलीस ते बघ. पाकळी तुटेल याला घाबरलीस. तोंड कापेल याला नाही घाबरलीस. तुटलेली पाकळी दिसते, तिच्यावरून बोलणी बसतात. कापलेलं तोंड दुसऱ्याचं असतं, दुसऱ्याच्या घरात असतं, म्हणून ती भीती लहान वाटते. भीती टाकून दे असं मी सांगत नाही, सांगून ती जातही नाही. फक्त ती कुठे ठेवायची ते ठरव." मग ती उठली. "चारला यायचा आहे तो. कानस घे."

"आणि तुटल्या तर? त्यानं एक कमी नको म्हणून सांगितलंय."

"तुटल्या तर सांगायचं."

"कोण सांगणार?"

"ज्याच्या हातून तुटल्या तो."

शिष्येनं कमळ सोडवलं. चाळीस पाकळ्या ताटात मांडल्या. तीन तास ती घासत होती. आता तिला दुसरंच दिसत होतं: एक बोळकं तोंड, आणि न थांबणारं रक्त. भीती पहिल्यापेक्षा मोठीच होती. सहा पाकळ्या कानशीखालीच तुटल्या. सातवी शेवटचं कुसळ काढताना हातात दुभंगली. प्रत्येक पाकळी झटकल्यावर ती आधी आपल्या खालच्या ओठावरून, मग आपल्या गालाच्या आतून फिरवावी असं तिला वाटे. पण उष्टी करता येत नव्हती, म्हणून ती मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवरून फिरवत होती. ओरखडा उमटला की परत कानस.

चार वाजता व्यापारी आला. कमळ पाहून खूश झाला, आणि लगेच मोजायला लागला. मोजता मोजता त्याचं तोंड उतरलं.

"चौऱ्याहत्तर?" तो म्हातारीकडे वळला. "मावशी, मी काय सांगितलं होतं?"

म्हातारीनं शिष्येकडे पाहिलं. ती बोलणार नव्हती, हे शिष्येला कळलं.

शिष्येनं पदर मुठीत धरला. "शेठ, सात आज दुपारी घासताना तुटल्या, माझ्या हातून. तशाच ठेवल्या असत्या तर एक्याऐंशी भरल्या असत्या. मी ठेवल्याही होत्या. पण त्यांना धार होती. तुमच्या आईंचं तोंड कापलं असतं."

व्यापाऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेवढ्यात शिष्येनं आपल्या दोन साड्यांची घडी मनातल्या मनात घालूनही टाकली.

मग त्यानं कमळाकडे परत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आकडा कमी पडल्याचा राग त्याच्या तोंडावर होता, पण त्याच्या खाली मागच्या महिन्यातली ती दवाखान्यातली रात्र होती, आणि ती रागापेक्षा जड निघाली.

"आईला पहिली पाकळी मीच भरवणार आहे," तो हळूच म्हणाला. "ह्यातली कुठली देऊ? तू सांग."

शिष्येनं कमळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हाताला येईल ती द्या," ती म्हणाली.