काळ्या बावट्यावरचा बर्फ

कोणे एके काळी, लोक समुद्राला नुसतं ‘पाणी’ म्हणत त्या काळी, किनाऱ्यावर एक छोटं गाव होतं. मुलांनो, आणि मुलांच्या पाठीमागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, त्या गावाला एक टेकडी होती, आणि ही गोष्ट त्या टेकडीची आहे.

टेकडीच्या एका अंगाला उघडा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला शांत पाणी. गावाच्या होड्या शांत पाण्यात जाळी टाकत. तिथून उत्तरेचं आभाळ दिसत नसे, कारण टेकडी आड येई. आणि वादळ यायचं ते नेमकं उत्तरेकडूनच. ते टेकडी ओलांडून उतरलं, की शांत पाणी उकळायला लागायचं आणि होड्या समोरच्या खडकांवर जाऊन आदळायच्या.

म्हणून गावाने टेकडीच्या माथ्यावर एक खांब रोवला होता. खांबाच्या दोरीला एक काळा बावटा, चांगला अंथरुणाएवढा. उत्तरेला काही वावगं दिसलं की बावटा वर चढायचा, आणि खालच्या होड्या जाळी ओढून घराकडे वळायच्या. आभाळ बघण्यासाठी गावाने आभाळाचा नाद असलेली माणसंच तिथे बसवली होती. त्यांना मासेमारीला जावं लागत नसे. प्रत्येक जाळ्यातला पहिला मासा टेकडीचा, असा गावाचा नेम होता.

आणखीही एक नेम होता. बावटा चढवायला कोणाला विचारायचं नाही. ज्याला भीती वाटेल त्याने चढवावा.

तेव्हा टेकडीवर तिघं बसत. त्यांतल्या दोन म्हाताऱ्यांना गावाने टोपणनावं ठेवली होती. एकाला जगात काहीही होऊ शकतं असं वाटे, म्हणून तो पडेलबुवा. ‘पाऊस पडेल, गारा पडतील, तारासुद्धा पडेल.’ दुसरा प्रत्येक बोलण्याची सुरुवात ‘छे’ने करी, म्हणून तो छेबुवा.

तिसरी होती एक तरुण मुलगी. दाराची कडी वाजली तरी ती दचकायची. स्वतःच्या सावलीने मान हलवली तरी दचकायची. गावाने तिला मुद्दाम निवडलं होतं. ‘जी आधी दचकते, तीच आधी बघते,’ असं गावातली जुनी माणसं म्हणत. पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती टेकडीवर नवी असताना एकदा पाखरांचा मोठा थवा समुद्रावर उतरला आणि पाणी एकदम काळं दिसलं. तिने धावत जाऊन बावटा चढवला. सगळ्या होड्या रिकाम्या परत आल्या. वादळ काही आलं नाही. कोणी रागावलं नाही, पण हसलं मात्र सगळं गाव. ‘पाखरांना घाबरलीस होय ग?’ असं विहिरीवर विचारलं जायचं, बाजारात विचारलं जायचं. रागावले असते तर बरं, असं तिला वाटे. त्या दिवसापासून दोरीला हात लावायची वेळ आली, की आधी तिचे कान तापत.

तिचा मोठा भाऊ गावातला चांगला नाखवा होता. त्याची होडी सगळ्यांत लांब जायची.

एका हिवाळ्यात कधी नव्हे एवढी थंडी पडली. घराघरांत खोबरेल तेल गोठलं, आणि दुपारपर्यंत गोठलेलंच राहिलं. पडेलबुवा तेलाची वाटी घेऊनच टेकडीवर आला.

“हे बघा,” तो वाटी उलटी धरून म्हणाला. “थेंब सांडतोय का? औंदा आपल्या किनाऱ्यावर बर्फ पडणार.”

“छे,” छेबुवा म्हणाला. “तेल गोठलं म्हणून आभाळ गोठत नाही. समुद्र म्हणजे दिवसभर तापलेली चूल आहे. चुलीशेजारी कुठे बर्फ पडतो?”

“माझा मेहुणा डोंगरातल्या राज्यात जाऊन आलाय. त्याने पाहिलाय बर्फ.”

“डोंगरात पाहिला ना? मग डोंगरातच पडू दे.”

“आणि वाऱ्यावर बसून इकडे आला तर?”

“तुझा मेहुणा आला होता ना वाऱ्यावर बसून, तेवढं पुरे.”

असे कितीतरी दिवस गेले. दोघांपैकी कोणीही बर्फ पाहिलेला नव्हता. पण बर्फ कसा असतो यावरही त्यांचं भांडण व्हायचं. एक म्हणे पिंजलेल्या कापसासारखा, दुसरा म्हणे मिठासारखा. सुरुवातीला मुलगी नुसतं ऐकायची. मग तीही बोलू लागली. वाऱ्याची दिशा, दवाचा जडपणा, चंद्राभोवतीचं खळं, तिला बरंच कळत होतं. एकदा छेबुवा तिला म्हणाला, “हुशार आहेस ग. मला वाटायचं, तुला नुसतं घाबरताच येतं.” त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस खूष होती.

शेवटी वादाचा निकाल लावायचं ठरलं. पण बर्फ पडला तरी तो पडला हे कळणार कसं? टेकडीवरची माती पांढुरकी, गवत वाळून पांढरं, खडकांवर मीठ साचलेलं.

“काळ्या कापडावर एक कण पडला तरी दिसेल,” मुलगी म्हणाली. म्हणाली, आणि तिचं लक्ष बावट्याकडे गेलं. दोघा म्हाताऱ्यांचंही गेलं.

“पहाटेपुरता खाली अंथरू,” पडेलबुवा म्हणाला. “थोडा वेळच तर.”

“छे, बिघडतंय काय,” छेबुवा म्हणाला. पहिल्यांदाच तो ‘छे’ म्हणूनही कबूल झाला होता.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मुलगी टेकडीकडे निघाली, तेव्हा भाऊ होडी पाण्यात ढकलत होता.

“काय ग, आज पडणार म्हणे तुमचा बर्फ?” तो म्हणाला. “पडला तर टोपलीभर राखून ठेव मला.”

“दादा, आज लांब जाऊ नकोस. वारा गार आहे.”

“वारा थंडीत गारच असतो, बाय. आणि वर तू आहेस ना? मी खांबाकडे बघतो. दुसरीकडे बघायची मला गरजच पडत नाही.”

तो गेला. ती वर गेली. तिघांनी मिळून बावट्याची गाठ सोडली, तो जमिनीवर अंथरला आणि उडू नये म्हणून चारी कडांना दगड ठेवले. मग तिघंही त्याच्याभोवती ओणवे होऊन बसले. कापड दवाने भिजत गेलं. तांबडं फुटलं. बर्फ काही आला नाही.

मुलीने मान वर केली, कारण तिची पाठ अवघडली होती. उत्तरेला, पाणी आणि आभाळ मिळतात तिथे, जुन्या पितळेच्या रंगाची एक रेघ होती. समुद्रपक्षी पाण्यावरून उठून टेकडीच्या उतारावर येऊन बसत होते, सगळे एकाच बाजूला तोंड करून. ती दचकली.

“बुवा,” ती म्हणाली, “बावटा चढवू या का?”

“आत्ता?” पडेलबुवाने मान वर केली नाही. “आत्ता तर थंडी जमून येतेय. थोडं थांब.”

“पाखरं बघा ना, कशी बसलीत.”

“पाखरं होय,” छेबुवा हसला. “मागच्या खेपेलाही पाखरंच होती, नाही का?”

तिचे कान तापले. दगड उचलायला पुढे गेलेला हात तिने मागे घेतला. ती पुन्हा खाली बसली, आणि रेघ दिसू नये म्हणून उत्तरेकडे पाठ करून बसली.

थोड्याच वेळात वारा सुटला. आणि वाऱ्याबरोबर काळ्या कापडावर काहीतरी पांढरं पडलं. मऊ, हलकं, बोराएवढं. मग आणखी एक. मग पुष्कळ.

“आला,” पडेलबुवा कुजबुजला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आला बघा.”

“छे,” छेबुवा म्हणाला, पण त्याचा आवाज हलला. त्याने एक कण बोटावर घेतला. कण बोटावर विरघळला. “विरघळतोय की. म्हणजे मी हरलो म्हणायचं?”

“कापसासारखा आहे. मी म्हटलं नव्हतं?”

“रंग मात्र मिठासारखा आहे, तेवढं तू कबूल कर.”

कण आता झुंडीने येत होते, आणि दोघं म्हातारे लहान मुलांसारखे हात पसरून ते झेलत होते. एक कण मुलीच्या ओठावर बसला. तिने तो जिभेने टिपला.

तो खारट होता.

ती उठली आणि वळली. टेकडीच्या पलीकडे समुद्र खडकांवर फुटत होता. त्याचा फेस वारा उपटून टेकडीवर आणून टाकत होता. पितळी रेघ आता रेघ राहिली नव्हती. अर्धं आभाळ तिने व्यापलं होतं.

तिघंही बावट्यावर तुटून पडले. दगड बाजूला झाले, पण दवाने आणि फेसाने कापड ओल्या गोधडीसारखं जड झालं होतं. सोडलेली गाठ थंडीने आखडलेल्या बोटांना बसेना. मुलीने शेवटी दातांनी दोरी ओढली. बावटा वर चढला तेव्हा वादळ टेकडी ओलांडून खाली उतरलं होतं.

जवळच्या होड्या कशाबशा काठाला लागल्या. लांब गेलेली एक होडी खडकांवर आदळली. माणसं वाचली, गावाने दोर टाकून ओढली. पण होडीची फळी न् फळी सुटली, आणि नाखव्याचा उजवा पाय होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडून चिरडला.

दुपारी वादळ निवळलं. तिघं अजून वरच होते. खाली जायचं धाडस कोणाला होत नव्हतं. खालून कोणीतरी येताना दिसलं, तेव्हा पडेलबुवा म्हणाला, “आले. आता बोलतील.” बोलणी खायला मिळणार म्हणून त्याला जणू बरंच वाटत होतं.

आली ती मुलीची वहिनी. तिच्या साडीला वाळू लागलेली होती. हातात झावळीच्या दोरीत ओवलेला एक मासा होता.

“जाळं फाटायच्या आधी एवढाच हाती लागला होता,” ती म्हणाली. “पहिला टेकडीचा, तो पोचता कर, म्हणाले. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोलले.”

मासा घ्यायला कोणाचा हात पुढे झाला नाही.

“घ्या ना,” वहिनी म्हणाली. “तुमच्यावर राग नाही हो कोणाचा. आभाळच फसवं निघालं, म्हणतात सगळे. बावटा चढवायला तुम्हांला वेळ मिळाला नसेल.”

छेबुवाने तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात पहिल्यांदा त्याला ‘छे’ म्हणवेना. पडेलबुवा जमिनीकडे बघत राहिला. गप्प राहणं किती सोपं होतं ते बघा, मुलांनो. गावाने स्वतःहूनच त्यांना माफ करून टाकलं होतं, आणि ती माफी उचलून घेतली की काम झालं होतं.

मुलगी पुढे झाली. तिचे कान तापले होते, गालही, मानही.

“वेळ मिळाला होता, वहिनी,” ती म्हणाली. “बावटा खाली होता. आम्ही त्याच्यावर बर्फ शोधत होतो.”

वहिनीला नीट समजलं नाही. “बर्फ?” तिने विचारलं. “इथे?”

“हो.”

वहिनीने खांबाकडे पाहिलं. वाळलेल्या गवतावर बावट्याएवढा दबलेला चौकोन अजून दिसत होता, आणि त्याच्याभोवती तीन माणसं गुडघे टेकून बसल्याच्या खुणा. त्या खुणांच्या मागे सगळा समुद्र. मग हातातला मासा तसाच घेऊन ती टेकडी उतरू लागली. टेकडीचा मासा टेकडी उतरून गेला, असं त्या गावात कधी घडलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी भावाच्या अंथरुणाशी जाऊन बसली. वहिनीने त्याला सगळं सांगितलं होतं. तो आढ्याकडे बघत होता.

“बाय,” तो म्हणाला, “तू दचकली नव्हतीस का?”

“दचकले होते, दादा.”

“मग?”

‘पुन्हा हसतील म्हणून’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण त्या पायाकडे बघून ते उच्चारायची तिला लाज वाटली.

भाऊ पुढे काठीने चालू लागला. होडीवर मात्र तो परत गेला नाही. काठावर बसून तो दुसऱ्यांची जाळी विणायचा. येणारा-जाणारा विचारी, ‘पायाला काय झालं?’ तो म्हणे, ‘वादळ.’ त्याने बर्फाचं नाव कधी घेतलं नाही, आणि ते तिला सगळ्यांत जड गेलं.

टेकडीवर ती पुन्हा बसू लागली, कारण गावाला दुसरं कोणी दचकणारं मिळालं नाही. म्हातारेही आले. वाद सुटला नाही, नाद तो नाद. पण बावट्याची गाठ नंतर कधी सुटली नाही, आणि तिघंही वाद घालायचे ते एका ओळीत, उत्तरेकडे तोंड करून, एकमेकांकडे न बघता. भीती वाटली की ती दोरी ओढायची. कधी वादळ यायचं, कधी नुसतीच पाखरं असायची. होड्या रिकाम्या परतल्या की लोक हसायचे. तिचे कान तापायचे, आणि ती ते तापू द्यायची.

मासा मात्र तिने त्यानंतर कधी खाल्ला नाही. टेकडीवर आला की ती तो उचलून भावाच्या दारात ठेवून यायची.

बोध: ज्याच्या भरवशावर लोक आभाळाकडे निर्धास्त पाठ करतात, त्याने स्वतः आभाळाकडे पाठ करू नये.