गोठ्यामागची धायटी

“फुलं आली, शिंजीर आले... मग अनुग्रह का नाही, बुवा?”

त्र्यंबकचा आवाज चढला होता. तीन वर्षांपूर्वी अमृतबुवांनी त्याला डोंगरातून धायटीची झुडपं आणून मठात लावायला सांगितलं होतं. त्यांच्यावर शिंजीर पक्षी घर करील त्या दिवशी अनुग्रह, एवढीच अट.

“घर केलं त्यांनी?”

“मध पितात आणि उडून जातात. त्यात माझी काय कसूर? या झाडांवर एक अळी दाखवा, एक जाळं दाखवा!”

खोटं नव्हतं ते. बाराही झुडपं लालभडक फुलांनी लगडली होती. त्र्यंबक रोज पहाटे त्यांची पानं पुसायचा, कडुनिंबाचं पाणी शिंपडायचा, काठीला फडकं बांधून कोळिष्टकं काढायचा. असा शिष्य मठाला लाभला, याचं त्याला स्वतःलाच फार कौतुक होतं.

बुवा उठले. “चल.”

गोठ्यामागे दगडांच्या राशीत एक वेडीवाकडी धायटी उभी होती. त्र्यंबकने ओळखली. पहिल्याच वर्षी माव्याची कीड पडली म्हणून त्यानेच ती उपटून इथे भिरकावली होती. मेली नव्हती तर! अंगभर जाळी, पानांना भोकं, आणि एका फांदीला केरकचऱ्याचा लोंबता पुंजका.

“अरेरे! हे राहूनच गेलं,” म्हणत त्र्यंबक फांद्यांत शिरला. पुंजक्याला हात घालणार...

पुंजक्याला चोच फुटली.

आत शिंजिरीण बसली होती. इवलीशी. भ्यालेली, पण जागची हलेना. इतक्यात नर आला. शेजारच्या जाळ्यातला कोळी त्याने अलगद टिपला आणि तिच्या चोचीत दिला. पुंजका सगळा कोळिष्टकांनीच बांधलेला होता.

तीन वर्षांत आपण अशी किती घरं झाडून काढली?

“बुवा... मी...”

तो पाय न वाजवता मागे सरला. कपाळाला जाळं चिकटलं होतं, भुवईवर एक कोळी चालत होता. सवयीने हात वर गेला... आणि तिथेच थांबला. मग हळूच खाली आला.

कोळी कानामागे गेला. त्र्यंबक हलला नाही.

“चल, जेवायला बसू,” बुवा म्हणाले. “अनुग्रह झाला.”