रांगोळीवरून फिरणारं फाटक

एका गावात गुळाचा एक व्यापारी राहत होता. त्याने घराभोवती पुरुषभर उंचीचं कुंपण घातलं आणि चार माणसांना उचलणार नाही असं लोखंडी फाटक बसवलं. चोर आत शिरायला नको, एवढाच त्याचा विचार. घरातल्यांना बाहेर पडायला दुसरी वाट ठेवावी, हे काही त्याला सुचलं नाही.

दोन-तीन वर्षांत फाटक एका बाजूने खाली आलं. उघडताना त्याचा कोपरा जमिनीला घासायचा आणि बायकोने सकाळी काढलेली रांगोळी पुसून टाकायचा. ती कुरकुरली, की व्यापारी कुदळ घेऊन फाटकाखालची माती उकरायचा. चार दिवस बरे जायचे. मग फाटक आणखी खाली यायचं आणि हा पठ्ठ्या आणखी उकरायचा. उकरता उकरता खड्डा खांबाच्या बुडाशी पोचला, तरी त्याचं आपलं चालूच.

गावातली म्हातारी लोहारीण एकदा रस्त्याने जाताना थांबली आणि म्हणाली, "शेठ, जमीन नका उकरू. खांब कलतोय तुमचा."

व्यापाऱ्याला ते झोंबलं. जन्मभर गुळाच्या ढेपा तोलणाऱ्याला हिने वजन शिकवावं? त्याने तिला हसून वाटेला लावलं.

त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी अचानक कळा सुरू झाल्या. घरातली आत्या सुईणकाम जाणायची. तिने पोट चाचपून सांगितलं, मूल आडवं आहे, ताबडतोब तालुक्याच्या दवाखान्यात न्या.

गाडीला बैल जुंपले, पण फाटक उघडेना. ऐनवेळी अडायला नको म्हणून व्यापाऱ्याने सकाळीच वीतभर माती उकरली होती. त्यामुळे खांब पार कलला आणि कोपरा खड्ड्यात रुतला. व्यापाऱ्याने खांदा लावला, गड्यांनी खांदे लावले, तसं फाटक आणखीच रुतलं. मागे गाडीत लेक कण्हत होती. एका गड्याला व्यापारी म्हणाला, "कुंपणावरून उडी मार आणि लोहारीणबाईंना घेऊन ये."

लोहारीण पहार घेऊन धावत आली. मागचं काही तिने उकरून काढलं नाही.

"ढकलू नका," ती म्हणाली. "आधी उचला."

तिने कोपऱ्याखाली पहार घातली, दगडावर टेकवली आणि गड्यासोबत दुसऱ्या टोकावर भार दिला. फाटक चार बोटं वर आलं आणि मुकाट्याने उघडलं. गाडी धुरळा उडवत निघाली.

दिवेलागणीला निरोप आला. लेक सुखरूप होती, नात झाली होती. व्यापारी पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. छातीवरचा दगड उतरला होता.

दुसऱ्या दिवशी तो लोहारणीच्या दारात उभा राहिला. "तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं, बाई. आता सांगाल तसं करतो."

तिने खांब सरळ करायला लावला, बुडाशी दगड ठासले, झिजलेली वरची बिजागरी बदलली. उकरलेली माती व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने भरली.

आठवड्याने लेक बाळाला घेऊन आली. बायकोने फाटकाबाहेर ऐसपैस रांगोळी काढली होती. व्यापाऱ्याने श्वास रोखून एका हाताने फाटक ढकललं. ते रांगोळीवरून अलगद फिरलं, एक ठिपकासुद्धा पुसला गेला नाही.

बायको हसून म्हणाली, "या आत. आता तुम्हीच तेवढी पुसू नका."

तात्पर्य एवढंच: खरखर जिथे ऐकू येते, दोष तिथेच असतो असं नाही, आणि ज्याला तो दिसतो, त्याचं वेळीच ऐकावं.