कृष्ण येत नाही ते वस्त्रहरण

हे सांगू नकोस, असे आजीने मला बजावले आहे. जत्रेला आलेल्या पाहुण्यांना आम्ही एवढेच सांगतो, की कातळवण्याच्या दशावतारात द्रौपदी वस्त्रहरणाच्या वेळी धावा करते, पण कृष्ण येत नाही. आमच्या घरातली एक बाई लुगडे घेऊन पुढे जाते. पाहुणे विचारतात, नवस आहे का? आजी हो म्हणते. पण नवस नाही.

फार पूर्वी आमच्या घरात शेवंती नावाची सून होती, असे सांगतात. त्या वर्षी दशावतारी खाडी उतरून येताना होडी कलंडली आणि कपड्यांचा पेटारा भिजला. द्रौपदी होणारा गुणाजी दारोदार फिरत शेवंतीच्या अंगणात आला.

"वैनी, येखादा कोरडा लुगडा मिळात? उद्या धुवन आणून देतंय."

शेजारीण खुदकन हसली. "बाप्यान नेसलेला लुगडा मगे तू नेसतलंस गो?"

शेवंतीच्या पेटीत माहेरचे हिरवे लुगडे होते, घडीसुद्धा न मोडलेले. ती म्हणाली, "माझ्याकडे नाय हा."

रात्री देवळात खेळाला गुणाजी ओल्या लुगड्यातच उभा राहिला. ते अंगाला चिकटलेले, आत पुरुषाचे शरीर दिसणारे. "द्रौपदी न्हावन इली काय रे?" कोणीतरी ओरडले आणि देऊळ हसले. तो थरथरत धावा करत होता. डोळ्यांतले पाणी नाटकातले नव्हते. सगळ्यांबरोबर शेवंतीही हसली म्हणे.

पहाटे घरी येऊन तिने पेटी उघडली, तर हिरव्या लुगड्यातून खाडीचे खारे पाणी निथळत होते. तिने ते उन्हात घातले, चुलीवर धरले. वर्षभर ते वाळले नाही. कोणी विचारले तर ती मान खाली घालायची.

पुढच्या जत्रेत द्रौपदीने हात वर केले, तशी शेवंती उठली. बायकांनी पदर ओढला, तरी ती थांबली नाही. ते ओले लुगडे तिने गुणाजीपुढे धरले. "होता माझ्याकडे. खोटा बोललंय."

गुणाजीने हात लावला आणि लुगडे कोरडे झाले, असे सांगतात. त्याने ते खांद्यावर घेतले आणि पडद्याकडे वळून द्रौपदीच्याच आवाजात म्हटले, "देवा, आज तू येऊ नकोस. माझी बहीण आली आहे."

शेवंतीला वर बघवले नाही.

आजही कृष्ण पडद्याआड थांबतो. आमच्या घरातली बाई खाली मान घालून जाते. पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, आणि त्या टाळ्यांनी तिचे कान तापतात. यंदा आजीला पायऱ्या चढवत नाहीत. पडद्याजवळून आई हाक मारते आहे, "ये गो, धावो सुरू झालो!" लुगडे माझ्या हातात आहे, आणि मला एवढेच वाटते की कोणी टाळ्या वाजवू नयेत.