उजव्या पायाचा गिअर

गाड्या आपसात बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला शिवाप्पांच्या अंगणात दुसऱ्या कंपनीची नवी मोटरसायकल झेंडूची माळ घालून मिरवत आली. जुनीला न्यायला गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं, तरी तीही हरखून बघत होती.

शिवाप्पा नवीवर बसून ऐटीत निघाले आणि गिअर समजून त्यांनी उजव्या पायाने ब्रेकच दाबला. जुनीचा गिअर उजव्या पायाशी होता ना!

नवी रडकुंडीला आली. "यांना मी नकोच आहे!"

"अगं वेडे," जुनी म्हणाली, "मी आले तेव्हा मला थांबवायला ते 'हो सर्जा, हो!' असं ओरडायचे. आधी बैलगाडी होती त्यांची."

नवी खुदकन हसली.

इतक्यात गिऱ्हाईक जुनीवर बसलं, निघालं आणि गिअर समजून त्याने डाव्या पायाने ब्रेक दाबला. जुनीला सणसणीत हिसका बसला. कितीतरी वर्षांनी तिला नवीकोरी झाल्यासारखं वाटलं.